साखराबाईंच्या गळ्यातला शेंदूर

साखराबाई नेकनूरहून एसटीनं बीडला आल्या, दोन जिने न थांबता चढल्या आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या गळ्याचा खून झालाय."

स्वप्नाली ही बीडमधली खासगी गुप्तहेर. नवरदेवांची व्यसनं लग्नाआधी शोधून काढणं, हे तिचं मुख्य काम. खुनाची केस पहिलीच, आणि तीही स्वतःच्या पायांनी आलेली.

"आवाज जावा म्हणून कुणीतरी पानातून शेंदूर चारला," साखराबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात धर्मापुरीच्या देवळात आमचं भजन हाय. मी न्हाई गायले तर कोण गाणार?"

"मावशी, दही खाऊन आलात का?" मदतनीस हरिओमनं विचारलं. "जीभ पांढरी दिसतेय."

"दह्याला शिवले न्हाई बाबा! संशय दोघांवर हाय. नबी पानवाला, न्हाईतर छबूबाई. लई वरसं माझ्यामागं टाळ धरून बसलीय ती."

स्वप्नाली आणि हरिओम नेकनूरला गेले. नबी गिऱ्हाइकाची वाट बघत पानं पुसत होता.

"शेंदूर घातला असता तर आधी माझी बोटं रंगली असती, ताई. आता गाव माझं पान खाईना."

"साखराबाईंच्यात काही बदल?"

"पहिले चुना जास्ती मागायच्या. आता म्हणतात नको, जीभ झोंबते."

छबूबाई सरळ बोलल्या. "मला तिची जागा पायजे, खोटं कावून बोलू? पहिले ती एक कडवं म्हणून धापा टाकायची, पुढचं मला मिळायचं. मग तिचा दम सुधारला आन माझं कडवं गेलं. पर शेंदूर? न्हाई बाई."

साखराबाईंच्या देवघरात बाळकृष्णाशेजारी एक पंप होता. हरिओमनं त्यालाही नमस्कार केला.

"दम्याचा हाय," साखराबाई म्हणाल्या. "सकाळी तीर्थ घेतलं की हा, सांजच्याला दिवा लावला की परत. वर पाण्याचा थेंब घेत न्हाई."

स्वप्नालीनं सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"शेंदूर कुणीच घातला नाही," ती म्हणाली. "दोन जिने चढूनही धाप नाही, म्हणजे औषध लागू पडलंय. पण ते सगळं छातीत जात नाही. थोडं तोंडात, घशात राहतं. त्यानं काहींचा आवाज बसतो, तोंडात बुरशी धरते. हरिओमचं दही ते हेच. चुना झोंबतो तोही त्यामुळेच. पंपानंतर गुळण्या करायला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. पर तीर्थावर कुणी चूळ भरतं का?"

"गावानंही नबीचंच पान खाल्लं होतं, गळा तुमचाच बसला. कारण पंपाला तीर्थ तुम्हीच केलंत."

साखराबाईंनी पंप उचलला. "मग फेकूनच देते मुडदा!"

"फेकलात तर धाप परत येईल. पंप चालूच ठेवा, प्रत्येक वेळी गुळण्या करून पाणी थुंका. उद्याच डॉक्टरांना जीभ दाखवा. बुरशीवर औषध आहे. आवाजही बहुतेक मोकळा होईल."

साखराबाई नबीकडे वळल्या. "बिनचुन्याचा विडा लाव. चौकात उभी राहून खाते, बघू दे गावाला."

धर्मापुरीला पहिलं कडवं साखराबाईंनी जरा जपूनच म्हटलं. दुसरं स्वतःहून छबूबाईंना दिलं. छबूबाईंचा सूर घसरताच साखराबाईंनी तो इतक्या खणखणीत आवाजात सावरला, की हरिओमनं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

भजन अजून अर्धं बाकी होतं.