लिंबू पिळलं तरी निळंच

"ताई, लिंबू पिळलं तरी निळंच राहतंय!"

शारजाच्या कॅफेवाल्या झुबेदाचा फोन ऐकून मृणालिनीने चहाचा कप बाजूला सारला. गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग लिंबाने जांभळा होतो, हीच त्याच्या खरेपणाची खूण. जो बदलत नाही, तो रासायनिक रंग. आणि दुबईच्या इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या तिच्या छोट्या युनिटच्या गोकर्णपुडीच्या पाकिटांवर 'फक्त सुकवलेली फुलं' असं ठसठशीत छापलेलं होतं. इन्स्पेक्टरच्या हाती हे लागलं, तर लायसन्स गेलंच.

तिने नव्या मालाची पाकिटं फोडून पूड पाण्यात कालवली, लिंबू पिळलं. सगळी निळीच. जुना माल केव्हाच संपला होता. उरली होती ती कपाटातली नमुन्याची बाटली. तिच्यातली चिमूट मात्र क्षणात जांभळी झाली. बाटली आता निम्म्याहून खाली आली होती.

"उझैरचंच काम," मुग्धा म्हणाली. मुग्धा तिची पार्टनर आणि पुण्यातल्या कॉलेजपासूनची मैत्रीण. "ड्रायर तोच चालवतो. फुलं करपवली असणार आणि वर रंग फासला. काढून टाक त्याला. खलास!"

काढायचं म्हणजे व्हिसा रद्द. श्रीवर्धनचं अख्खं घर त्या पोराच्या पगारावर चालत होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी नको, म्हणून मृणालिनीने त्याला बोलावून घेतलं.

"मशीन कितीवर लावलं होतंस?"

"पन्नासवर, ताई. नेहमीसारखं."

"बंद कुणी केलं?"

"मुग्धा मॅडमनी. बोलल्या, जबल अलीची बस चुकेल, तू जा, मी बघते. सकाळी दळलेली पूडच हातात मिळाली."

"झूठ!" मुग्धा कडाडली. "मी त्याच्या आधी निघाले होते. दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीचा, आभाचा बर्थडे होता!"

"नमुन्याचं कपाट कधी उघडलंस, उझैर?"

"चावी तुमच्या दोघींकडेच असते ना, ताई?"

मृणालिनीने बाटलीकडे पाहिलं. मुग्धावर संशय घ्यायचा? नव्या मालाचं एकेक पाकीट सगळ्यांनी घरी नेलं होतं. मुग्धाने तर आभाच्या वाढदिवसाला त्याचंच सरबत केलं होतं. लिंबू पिळताच सरबत जांभळं झालं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या मृणालिनीनेच वाजवल्या होत्या.

जांभळं?

तिने हळूच खुर्ची ओढली.

"मुग्धा, नव्या मालातलं एकही पाकीट जांभळं होत नाही. मग तुझं सरबत कसं झालं?"

"जुनी पूड होती घरी."

"जुना माल संपला म्हणून तूच तर घाई लावली होतीस. खरी पूड राहिली होती ती फक्त कपाटातल्या बाटलीत. ती निम्मी झाली, आणि चावी आपल्या दोघींकडेच. शिवाय फुलं करपली हे तुला कुणी सांगितलं? मी तर फक्त रंग बदलत नाही एवढंच म्हटलं होतं. बर्थडेच्या तयारीला लवकर निघायचं म्हणून तू आच वाढवलीस, फुलं तपकिरी झाली, मग बाजारातला रंग कालवलास. आणि आळ ढकललास या पोरावर."

मुग्धाने मान खाली घातली. "आभाला त्या रंगाने पुरळ उठतं, मृणाल. तिला कसं देणार होते मी?"

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. पण मृणालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुसऱ्याच गोष्टीने. गेला आठवडाभर ती लेकाच्या, निनादच्या डब्यात याच पुडीच्या निळ्या इडल्या देत होती. आणि मुग्धा रोज फोनवर विचारायची, आवडल्या का गं त्याला?

"तुझ्या लेकीला खरं," ती म्हणाली, "आणि माझ्या लेकाला खोटं. तेही खरं कुठलं नि खोटं कुठलं ते माहीत असून."

मृणालिनीने मुग्धापुढे हात पसरून चावी मागून घेतली, मग उझैरकडे वळली.

"झुबेदाला फोन लाव. सगळा माल परत मागव. म्हणावं, चूक आमच्या घरातलीच आहे."