पलंगाची उंची

"अगं, पोतं आहे का मी… जरा हळू." सुनेच्या खांद्यावर मान टाकलेल्या सासूबाई तिच्या गळ्याशी पुटपुटल्या. सुनेने नेहमीसारखं कमरेत वाकून, त्यांच्या काखांत हात घालून, दात आवळून त्यांना त्या ठेंगण्या पलंगावरून ओढलं आणि खुर्चीत टाकलं… ठेवलं असं म्हणण्याची सोय नव्हती. तिच्या कमरेतून कळ सणकत गेली, तरी ती हसली. पोतं निदान कुरकुर तरी करत नाही, आई, असं म्हणून तिने त्यांचा लुळा डावा हात मांडीवर नीट ठेवला.

दारातल्या नणंदेला मात्र हसू आलं नाही. आईला अर्धांगवायू झाल्यापासून ती पहिल्यांदाच चार दिवस सवडीने आली होती, आणि सकाळी कपडे बदलताना आईच्या डाव्या काखेत तिला काळानिळा डाग दिसला होता. भावाला स्वयंपाकघरात नेऊन ती हळू आवाजात बोलली. पण त्या घराच्या भिंती इतक्या पातळ होत्या की हळू आवाज जरा जास्तच स्पष्ट ऐकू यायचा. आपली आई परक्या पोरीच्या हातात आहे, तिथे काय चालतं ते कोण बघतं… सुनेच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. परकी! ज्या हातांनी रात्रंदिवस त्या माऊलीचं सगळं केलं, त्याच हातांवर हा कलंक! तिला वाटलं, नवरा काहीतरी बोलेल. त्याने फक्त नळ बंद केला.

इस्पितळात घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी वर्ग भरायचा. सुनेने तिथे जायचं कितीदा तरी काढलं होतं. नवरा म्हणायचा, तिथे कायम अंथरुणाला खिळलेल्यांची माणसं जातात, आपल्या आईचं तसं नाही. आता नणंदच म्हणाली, चल, मीही येते, तुला काय येतं ते कळू दे. सून निमूटपणे निघाली. आरोपीला पोलिसाबरोबर जायला आवडो न आवडो, सोबत तर होते.

वर्ग घेणाऱ्या बाईंनी आधी एकेकाला, कशा आहात, असं विचारलं. सून म्हणाली, बऱ्या आहेत, आता नीट जेवतात. बाई म्हणाल्या, "त्या नाहीत हो. तुम्ही."

इतके महिने हा प्रश्न तिच्या दारावरून पुढे जात होता…

मग बाईंनी नणंदेला बुटक्या बाकावर बसवलं, डावा हात मेला आहे असं समजा म्हणाल्या, आणि सुनेला सांगितलं, घरी उचलता तसं उचला. सुनेने काखांत हात घातले, ओढलं, आणि नणंद कळवळून किंचाळली. लुळ्या हाताचा खांदा स्वतःला सावरत नाही, बाई सांगू लागल्या. काखेतून ओढलं की सगळा भार त्या एका सांध्यावर येतो. म्हणजे तो डाग… तो खरंच तिचाच होता!

नणंदेने खांदा चोळत तिच्याकडे पाहिलं. सुनेचा हात कमरेवर गेला होता, आणि सरळ होताना तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कधीपासून, असं नणंदेने विचारलं. सून म्हणाली, आई आजारी पडल्यापासून.

बाईंनी रीत दाखवली: आजाऱ्याचे पाय मागे घ्यायचे, अंग पुढे झुकवायचं, कमरेला पट्टा बांधून त्याला धरायचं. पण पलंग गुडघ्याएवढा उंच हवा. तुमचा केवढा आहे? सुनेने नडगीला हात लावून दाखवलं. मग पलंगाच्या पायांखाली ठोकळे का नाही लावले, घरात कुणी करणारं नाही का?

"माझा भाऊ सुतार आहे," नणंद खाली बघत म्हणाली.

घरी आल्यावर तिनेच विषय काढला. भाऊ उखडला. चार दिवसांची पाहुणी येते आणि घर हलवायला बघते! पलंग उंच केला तर आईचे पाय जमिनीला टेकतील का, ती उतरणार कशी? महिन्याभरात ती चालायला लागेल. बोलता बोलता त्याने पलंगाखालची, आईसाठी आणलेल्या नव्या चपलांची जोडी सरळ केली. रोज सकाळी तो त्या सरळ करायचा, आणि त्यांच्याकडे बघायचं सगळेच टाळायचे.

सून सासूबाईंपाशी बसली आणि त्या खांद्याला अगदी हलका हात लावला. तिचे डोळे भरून आले.

"आई, मीच दुखवत होते तुम्हाला. का नाही बोललात?"

"तुझी कंबर बोलली का मला?" त्या म्हणाल्या. "तू एकटीच उचलत होतीस गं मला. तुझ्याकडे कसली तक्रार करू?"

नणंदेने वहिनीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. भाऊ अजून वाकलेलाच होता, चपलांवर बोटं ठेवून. सासूबाईंनी उजवा हात लांबवून त्याच्या केसांतला लाकडाचा भुसा झटकला.

"बाळा, त्या चपला दे कुणाला तरी. आणि ठोकळे कर पलंगाला… मी आता चालणार नाही."