साडेतीन अंश

"परतीचं आत्ताच घेऊन ठेवा," तिकीट खिडकीतून आवाज आला. "संध्याकाळी रांग पार सायकल स्टँडपर्यंत जाते."

मी सकाळच्या पहिल्या गाडीने उतरले होते. एका खांद्यावर तिवई, दुसऱ्यावर दुर्बिणीची पेटी आणि काखेत मोजपट्टीची लांबलचक पिशवी. बाकीचे सगळे टोप्या, चटया, फुगवायचे चेंडू घेऊन आलेले. या स्टेशनाची रीतच तशी दिसत होती : उतरायचं, आधी परतीचं तिकीट काढायचं आणि मग समुद्राकडे पळत सुटायचं.

"शेवटची गाडी किती वाजता?"

"पाच चाळीस. आणि ती गळाची काठी जरा उभी धरा. मागच्या आजोबांचा चष्मा जाईल."

"गळ नाही, मोजपट्टी आहे. तुमचं स्टेशन समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते मोजायला आलेय."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. डोळे तपकिरी, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. "चौदा मीटर. जुन्या पाटीवर लिहिलेलं होतं."

"चौदा पूर्णांक किती?"

मी पाच चाळीसचं तिकीट घेऊन निघाले. त्या हसऱ्या गोंधळलेल्या चेहऱ्याकडे मी मागे वळून पाहिलं नाही... म्हणजे, एकदाच पाहिलं.

काम सोपं होतं. धक्क्याच्या दगडात एक पितळी खूण बसवलेली आहे. तिची उंची पक्की ठाऊक : २.१०४ मीटर. तिथून टप्प्याटप्प्याने मोजत स्टेशनापर्यंत चढायचं आणि तसंच मोजत परत उतरायचं. उतरल्यावर आकडा पुन्हा २.१०४ आला, तर मोजणी जुळली. सहा मिलिमीटरपर्यंतची चूक माफ. नवी पाटी रंगवून तयार होती, फक्त उंचीची जागा कोरी होती. माझं हे पहिलंच एकटीने करायचं काम. साहेबांनी निघताना सांगितलं होतं, "आज जुळलं नाही, तर उद्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो." त्यांच्या 'दुसऱ्या कोणाला'मध्ये माझी पुढची सगळी कामं बसलेली होती.

माझा मदतनीस आलाच नाही. चढताना पट्टी धरली ती स्टेशनवरच्या हमालमामांनी. सगळं स्टेशन त्यांना मामा म्हणायचं. पट्टीच्या पाठीला एक गोल बुडबुडा असतो. तो मधोमध असला की पट्टी सरळ. मामा त्याच्यावर डोळा ठेवून पुतळ्यासारखे उभे राहिले. स्टेशनाची उंची आली १४.३२६.

तेवढ्यात अकराची गाडी आली आणि मामा सामानाकडे धावले. "मोजणीबाई, खिडकीवाल्याला घ्या," जाता जाता ते म्हणाले. "पाच वाजेपर्यंत खिडकी बंद, तो रिकामाच आहे, आणि सकाळपासून तीनदा विचारून गेलाय तुमचं किती उरलं म्हणून."

खिडकीवाला मागेच उभा होता. त्याचे कान लाल झाले.

"मॅडम, मी फक्त माहितीसाठी विचारत होतो."

"मॅडम नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. पट्टी सरळ धरा."

उतारावर आम्ही आठ टप्पे केले. दुर्बिणीतून मला पट्टीवरचे आकडे दिसायचे, आणि पट्टीच्या कडेने डोकावणारा अर्धा चेहरा. वारा होता, ऊन होतं, वाळूचे कण दाताखाली येत होते.

"तुम्हाला आत काय दिसतं?" तो लांबून ओरडला.

"दोन मीटर तीनशे दहा!"

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले. ते काही तितकंसं खरं नव्हतं.

दीड वाजता धक्क्यावर बसून मी बेरीज केली. आकडा आला २.०८१.

तेवीस मिलिमीटरची चूक. मी पुन्हा बेरीज केली. पुन्हा तेच.

"तेवीस मिलिमीटर म्हणजे माझ्या नखाएवढं," तो हळूच म्हणाला.

"माझी नोकरीही तेवढीच राहील."

तो पाण्याची बाटली माझ्यासमोर ठेवून दोन हात लांब बसला. मी वही उघडली. चढताना एकही आकडा संशयाचा नव्हता. उतरताना मात्र प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी, एकाच बाजूची चूक साठत गेली होती. पट्टी तिरकी असली की आकडा मोठा येतो. किती तिरकी? मी गणित मांडलं. साडेतीन अंश.

"बुडबुडा मधोमध होता ना?"

"होता..." तो पाण्याकडे बघत म्हणाला. "म्हणजे, सुरुवातीला होता."

"नंतर?"

"नंतर मी बुडबुड्याकडे बघत नव्हतो." त्याने मान खाली घातली. "पट्टीच्या आडून तुम्ही दिसत नाही. जरा कललं की दिसता. चूक पूर्णपणे माझी आहे, तुमच्या साहेबांना तसं लिहून देतो."

मला चिडायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात भलतंच गणित सुरू झालं. दुर्बिणीत एक उभी तार असते. पट्टी कडेला कलली, तर तारेशी ताडून लगेच कळते. आठ टप्पे मला ती कळली नव्हती... मग आठ टप्पे मी पाहत काय होते?

"उठा," मी म्हणाले. "पुन्हा उतरायचं. आणि या वेळी माझ्याकडे बघायचं नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

आम्ही पुन्हा स्टेशनापर्यंत अक्षरशः धावत चढलो. मग तो बुडबुड्यावर नजर खिळवून असा उभा राहिला, की येणारे-जाणारे पर्यटक त्याला काय झालं म्हणून विचारू लागले. मीही फक्त तार पाहिली. पट्टी, तार, आकडा. चार पस्तीसला धक्क्यावर टेकले, बेरीज केली, श्वास रोखून वजाबाकी केली.

"बोला ना," तो म्हणाला. "जीव टांगणीला लागलाय."

"दोन पूर्णांक एकशे दोन."

"म्हणजे?"

"दोन मिलिमीटर. जुळलं!"

त्याने पट्टी हवेत उंचावली आणि घड्याळ बघून बोंब मारली. पाचला खिडकी उघडायची होती. तो पट्टी खांद्यावर टाकून पळाला, आणि मी तिवई सांभाळत त्याच्यामागे.

सव्वापाचला मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "बरं." त्यांच्या तोंडी हा शब्द म्हणजे शाबासकी. मग मी रांगेत उभी राहिले. रांग खरोखरच सायकल स्टँडपर्यंत होती.

"तुमच्याकडे तिकीट आहे की," मी खिडकीशी पोचले तेव्हा तो म्हणाला. आवाज जरा पडलेला.

"आधी हे वाचा. चूक का झाली, ते वहीत नोंदवावं लागतं."

मी वही सरकवली. त्याने वाचलं : *पहिली उतरण रद्द. पट्टी साडेतीन अंश तिरकी. धरणाऱ्याचं लक्ष पाहणारीकडे होतं. पाहणारीला ते तारेवरून कळायला हवं होतं. तिचं लक्ष धरणाऱ्याकडे होतं.*

तो वाचत राहिला. चार ओळींना इतका वेळ लागत नाही.

"हे साहेब वाचतील?"

"खोटं लिहायची पद्धत नाही आमच्यात."

"ताई, तुमचं झालं का?" मागून एक बाई म्हणाल्या. त्यांच्या कडेवर वाळूने माखलेलं पोर होतं. "आम्हाला पाच चाळीस पकडायचीय."

मी माझं तिकीट खिडकीतून आत ढकललं. "हे बदलून उद्याचं द्या. नवीन पाटीवर आकडा नीट रंगवतात की नाही, ते बघायला नको?"

"बघायलाच हवं," तो गंभीरपणे म्हणाला. "माझी आई स्टेशनामागे पाहुण्यांना खोल्या देते. एक रिकामी आहे. खिडकीतून समुद्र दिसतो... उद्याची कुठली देऊ? सकाळी आठ दहा आहे, दहा वीस आहे—"

"शेवटची कुठली?"

"पाच चाळीस."

"तीच."

तिकीट घेऊन मी बाजूला झाले. बाकावर ठेवलेली पट्टी उचलली, पिशवीत सरकवली आणि सहज खिडकीकडे पाहिलं. रांगेतल्या बाईंच्या आडून मी दिसत नव्हते, म्हणून तो कडेला कलला होता.

साडेतीन अंश, फार तर चार. या वेळी मी काहीच दुरुस्त केलं नाही.