पोस्टरवरचा हसरा

फोन वाजत राहिला. तो उचलायची सवय फौजदारांना अजून लागली नव्हती. घरात फोन उचलायचं काम बायकोचं होतं, आणि ती गेल्यापासून फोन नुसता वाजायचा.

शेवटी त्यांनी उचलला.

"फौजदारसाहेब, लगेच याल का? आमचा हसरा हरवलाय."

आवाज ओळखीचा होता. शहरातल्या लोकांना नोकऱ्या मिळवून देणारी कंपनी चालवणाऱ्या मालकीणबाई. फौजदार निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, पण लोक अजून साहेबच म्हणत.

"कोण हसरा?"

"पोस्टरवरचा हो! चौकाचौकात लागलाय तो. परवा कामाला म्हणून गेला तो घरी आलाच नाही. त्याची बायको इथे येऊन बसलीय."

"मग पोलिसांत जा."

"जाणारच आहे. पण आज बाहेरच्या मोठ्या कंपन्यांचे लोक आमचं काम बघायला यायचेत. त्याआधी बोभाटा नको."

"म्हणजे काळजी माणसाची की पोस्टरची?"

"दोन्हीची," मालकीणबाई म्हणाल्या. निदान खरं बोलल्या.

कंपनीची बाहेरची खोली उमेदवारांनी भरली होती. मांडीवर फायली, पायात आदल्या रात्री पॉलिश केलेले बूट. समोरच्या भिंतीवर तो होता. खुर्चीत बसलेला, डोळ्यांपर्यंत हसणारा माणूस. खाली मोठ्या अक्षरात: 'मला माझी जागा मिळाली. खोटं वाटतं? मला विचारा!' आणि त्याखाली फोन नंबर.

त्याच पोस्टरखाली त्याची बायको बसली होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

प्रचाराचं काम बघणारा तरुण पुढे आला. सगळे त्याला जाहिरातराव म्हणत.

"ही कल्पना माझी, साहेब. लोकांचा जाहिरातीवर विश्वास नसतो, माणसावर असतो. नंबर फिरवा, आमचा समाधानी उमेदवार स्वतः फोनवर येतो. या पोस्टरनंतर बघा, बसायला जागा नाही."

"आणि तो नोकरी कधी करतो?"

"गोदामात हिशेबनीस आहे. जेवणाच्या सुट्टीत बोलतो. फोन इथून त्याच्या मोबाईलवर जोडून देतात."

"तुम्ही त्याला भेटलात कधी?"

"फोटोच्या दिवशी. त्याला निवड झाल्याचं कळलं आणि तो हसला, तेवढ्यात मी फोटो काढला. पुढे भेटायचं कामच पडलं नाही."

मालकीणबाईंना विचारलं. त्याही फोटोच्या दिवशीच भेटल्या होत्या.

रिसेप्शनवरची मुलगी तेवढ्यात टेबलामागून उठली. तिने आपल्या थर्मासमधून कपभर गरम पाणी ओतलं आणि त्या बायकोच्या हातात दिलं. लाल थर्मास, त्याला हिरवं टोपण.

"घ्या वहिनी. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"ताई, तुम्ही तरी पाहिलंत का हो त्यांना?"

"फोटोच्या दिवशी पाहिलं होतं. त्यानंतर नाही." मुलगी वळली आणि घाईने वाजता फोन उचलायला गेली. "नमस्कार! हो हो, मॅडम नक्की कळवतील तुम्हाला."

फौजदार हसऱ्याच्या बायकोबरोबर तिच्या घरी गेले. दोन खोल्या, झाडून पुसून लख्ख. दाराशी हसऱ्याचे कामावर जायचे बूट होते; परवा तो चपला घालूनच गेला होता. फौजदारांनी ते उलटे करून पाहिले.

"गोदामात जाणाऱ्याचे बूट इतके स्वच्छ?"

"मलाही नवल वाटायचं. म्हटलं, साहेबासारखं बसवत असतील. पण घसा मात्र रोज बसलेला. बोलताच यायचं नाही संध्याकाळी. धुळीने असेल म्हणून मी नवा थर्मास आणून दिला. रोज कढत पाणी भरून द्यायची."

"नेला नाही त्या दिवशी?"

"नाही ना. म्हणाले, आज बोलायचं काम नाही." तिने ओट्याकडे बोट दाखवलं. "हा काय."

हिरवा थर्मास. लाल टोपण.

"टोपण असंच आलं?"

"छे! हिरवंच होतं. एकदा बदलून आलं. कोणाशी तरी अदलाबदल झाली असणार. मी म्हटलं, परत करा. तर म्हणाले, राहू दे, पाणी गरम राहतंय ना."

"आणि त्यांचा मोबाईल?"

"तो कधीचा फुटलाय. कपाटात पडलाय. माझ्यावरूनच बोलतात."

फौजदारांनी टोपण काढून पुन्हा लावून पाहिलं. अलीकडे स्वतःच्या घरची भांडी ते स्वतःच घासत, आणि झाकणं कधी जुळत नसत. डब्याचं झाकण पातेल्यावर, पातेल्याचं कळशीवर. त्यांची बायको हयात असताना हसायची: "एकाच मोरीत, एकाच हाताने, घाईत धुतलं की असंच होणार."

गोदाम नदीपलीकडे होतं. तिथला व्यवस्थापक हातातलं काम न सोडता बोलला.

"कोण, पोस्टरवरचा? आम्ही निवडला होता त्याला. पण त्याच दिवशी वरून हुकूम आला, जागाच रद्द. तो इथे एक दिवसही आला नाही. पोस्टर बघून आम्हालाच कोडं पडलं."

"कंपनीला कळवलं नाहीत?"

"त्याच दिवशी फोन केला की! बाईमाणूस होतं. म्हणाली, बरं, मी सांगते."

"कोण बाई?"

"नाव कोण विचारतो? आवाज मात्र असा पडला, की मलाच वाईट वाटलं."

बाहेर येताना बरोबर आलेल्या हसऱ्याच्या बायकोने विचारलं, "मग मी रोज डबा भरत होते, तो कुठे जात होता?"

"ते आता विचारू," फौजदार म्हणाले.

बाहेरचे पाहुणे यायला अजून अवकाश होता. फौजदारांनी उमेदवारांना खाली चहा प्यायला पाठवलं आणि दार लावून घेतलं. खोलीत त्यांच्यासमोर चौघंच उरले: मालकीणबाई, जाहिरातराव, रिसेप्शनवरची मुलगी आणि हसऱ्याची बायको.

"हसऱ्याला नोकरी लागलीच नव्हती," ते म्हणाले.

"काय?" जाहिरातराव ओरडला. "अहो, शहरभर पोस्टर आहे!"

"पोस्टर आहे. नोकरी नव्हती. फोटो काढला त्याच दिवशी गोदामातून फोन आला, जागा रद्द. तो फोन इथल्या एका बाईने घेतला. इथे बाया दोन."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. "मी नाही घेतला. शपथ."

"माहीत आहे. आधी ऐका. हसरा रोज घरून निघत होता. बुटाला धूळ नाही, म्हणजे गोदामात नाही आणि रस्त्यावर भटकतही नाही. घसा बसलेला, म्हणजे दिवसभर बोलत होता. जेवणाच्या सुट्टीत चार फोन घेऊन कोणाचा घसा बसत नाही. तुम्ही म्हणता, फोन त्याच्या मोबाईलवर जोडतात. त्याचा मोबाईल फुटून कपाटात पडलाय. मग 'मला विचारा'चे फोन जात कुठे होते? जिथून जोडले जातात, तिथेच. या टेबलामागच्या खोलीत."

जाहिरातरावने मागच्या बंद दाराकडे पाहिलं. "ती तर जुन्या फायलींची खोली. तिकडे कोण जातं?"

"तेच. तुम्ही कोणी जात नाही." फौजदारांनी पिशवीतून हिरवा थर्मास काढला आणि लाल थर्मासशेजारी ठेवला. "दोन थर्मास रोज एकाच मोरीत धुतले जायचे. एकदा घाईत टोपणं बदलली. मुली, फोटोनंतर त्याला पाहिलं नाही म्हणालीस. मग त्याचं टोपण तुझ्या थर्मासवर कसं?"

मुलीने लपवायचा प्रयत्न केला नाही. ती खाली बसली, आणि कोणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखा श्वास तिने सोडला.

"फोन मीच घेतला. त्यांना सांगायला बाहेर आले, तर ते खुर्चीत बसून हसत होते. इतके हसत होते, साहेब. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. आठवड्यात दुसरी जागा निघेल, मग सांगायचीच गरज नाही. तोवर पोस्टर छापून आलं."

"मला का नाही सांगितलंस?" मालकीणबाई कडाडल्या.

"तुम्ही पोस्टरवर इतक्या खूश होतात, मॅडम. तोंडच उघडेना." ती बायकोकडे वळली, पण मान वर झाली नाही. "मग ते दुसरीकडे मुलाखतींना जाऊ लागले. जिथे जातील तिथे लोक म्हणायचे, तुम्ही तर पोस्टरवाले, तुम्हाला आहे की नोकरी! कोणी घेईना. ते इथे येऊन रडले. माझ्यामुळे झालं होतं. म्हटलं, मागच्या खोलीत बसा, फोन घ्या, नवी जागा निघेपर्यंत. माझ्या पगारातलं थोडं देत होते. लोकांना ते हवंच होतं, कोणीतरी धीर देणारं. वाटलं, यात कोणाचं काय नुकसान?"

"मग झालं कोणाचं?" फौजदारांनी विचारलं.

"एका बाईंचं. बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं बांधायच्या, कायमच्या नोकरीत. त्यांनी विचारलं, आहे ती सोडून तुमच्या कंपनीकडून नवी घेऊ का? हे म्हणाले, बिनधास्त सोडा, माझ्याकडे बघा. त्यांनी सोडली. नवी मिळाली नाही. परवाच्या आदल्या दिवशी त्यांनी पुन्हा फोन केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, भाऊ, आता मी काय करू? यांनी फोन खाली ठेवला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते इथे आलेच नाहीत. मी हेही कोणाला सांगितलं नाही."

"हिला आत्ताच्या आत्ता काढते!" मालकीणबाई म्हणाल्या.

"काढा. तुमचा अधिकार आहे," फौजदार म्हणाले. "पण पोस्टरवर काय लिहिलंय ते एकदा वाचा. मला विचारा. सगळ्या शहराने विचारलं. तुम्ही आणि जाहिरातराव, दोघांनी एकदाही विचारलं नाहीत, बाबा रे, कसं चाललंय?"

मालकीणबाई हळूच खुर्चीत टेकल्या. ती नेमकी पोस्टरमधलीच खुर्ची होती.

त्या बाईंचा माग काढत फौजदार हसऱ्याच्या बायकोला घेऊन बिस्किटांच्या कारखान्यात गेले. तिथे मैद्याचा आणि गरम तुपाचा वास होता. काही विचारायच्या आतच मुकादमाने आत बोट दाखवलं.

"पोस्टरवाला ना? येऊन पाया पडला माझ्या. म्हणे, त्या ताईला परत घ्या, तोवर तिची जागा मी धरतो, दुसरं कोणी भरू नका. म्हटलं, अरे तुला तर नोकरी आहे! तर रडायलाच लागला. पाकिटं बांधता येत नाहीत गड्याला, पण हटतही नाही. झोपतो इथेच, पोत्यांवर. शेवटी बोलावली बाईला. सकाळीच आली."

लांब टेबलाशी हसरा उभा होता. शेजारी एक बाई त्याच्या हातातलं पाकीट ओढून घेत होती.

"अहो भाऊ, कोपरा आधी दुमडा! जागा धरलीत ते ठीक, पण माल वाया घालवलात सगळा!"

तेवढ्यात त्याने बायकोला पाहिलं. हात थांबले. पोस्टरवरचं हसू या चेहऱ्यावर शोधूनही सापडलं नसतं.

"घरी यायला तोंड नव्हतं," तो म्हणाला. आवाज अजून बसलेलाच होता.

बायको जवळ गेली. त्याच्या शर्टावरचा मैदा तिने दोनदा झटकला. दुसऱ्यांदा जरा जोरात.

"चला घरी," ती म्हणाली. "भांडण घरी करू."

फौजदार मुलीचं लाल टोपण परत द्यायला कंपनीत आले तेव्हा मोठ्या कंपन्यांचे पाहुणे येऊन बसले होते. जाहिरातराव स्टुलावर चढून पोस्टर उतरवत होता. भिंतीवर तेवढाच चौकोन उजळ राहिला. मुलीने आपल्या वस्तू पिशवीत भरल्या होत्या.

फोन वाजला. 'मला विचारा'चा होता. मुलीने हात पुढे केला आणि मागे घेतला. तिने मालकीणबाईंकडे पाहिलं.

मालकीणबाईंनी पाहुण्यांकडे पाहिलं. मग उजळ चौकोनाकडे.

"उचल," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांग."

मुलीने फोन उचलला. खोलीतले सगळे ऐकत होते.

"नमस्कार. हो, तोच नंबर. नाही ताई, ते इथे नाहीत, घरी गेले. नाही. त्यांना नोकरी लागली नव्हती. आहे ती सोडू नका. मी सांगते सगळं. तुमच्याकडे वेळ आहे ना?"