दोन दारांचा डाव

तांबकड्यावर पहाट खालून वर चढायची. इतर गडांचा माथा आधी उजळतो. पण ह्या गडाचा तांबूस कातळ दिवसभराचे ऊन पोटात धरून ठेवी आणि पहाटे ते असे सोडी, की पायथ्याची झाडे आधी दिसू लागत आणि माथा मागून, असे जुनी माणसे सांगत. आणि जुन्या माणसांच्या शब्दावर शंका घेणाऱ्याने गोष्ट ऐकायला बसूच नये. त्या चैत्रातल्या पहाटे मात्र, वेढा पडल्यापासून रोज दिसत तशा, पायथ्याशी आधी दिसल्या त्या राहुट्या. पूर्वेला महादरवाजासमोर कमालखानाचे आठ हजार, पश्चिमेला दिंडी-दरवाजाच्या उतरणीवर राव हिंमतसिंगाचे पाच हजार, आणि मधोमध, गडावर, बायकापोरे धरून एकशे बारा माणसे व एक लंगडी कोंबडी.

खान आणि राव एकाच पातशहाचे सरदार, एकाच मोहिमेवरचे. पण नऊ वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. दरबारात उजव्या हाताची पहिली बैठक कोणाची, एवढेच कारण. दोघेही बुद्धिबळाचे नादी. दोघांच्याही तोंडी एकच वाक्य, की अवघ्या दक्षिणेत माझ्या तोडीचा खेळणारा नाही. आणि एकदा समोरासमोर बसून निकाल लावावा म्हटले, तर मानाच्या बाजूला कोणी बसायचे ह्या वादात पट कधी मांडलाच गेला नाही. शब्दाला मात्र दोघेही पक्के. शब्द मोडला असता तर दुसऱ्याने तो पातशहाच्या कानी घातला असता ना!

गडाचे किल्लेदार सुभानजी घारगे ह्यांना बुरुजावर भाकरी खात असताना तोफेच्या गोळ्याने उडालेली कपची लागली आणि ते जागीच गेले, त्याला अठरा दिवस झाले होते. तेव्हापासून किल्ल्यांचा जुडगा दर्याबाईंच्या कमरेला होता. त्या रडल्या नव्हत्या. त्यांनी दाणा मोजून दिला, पहारे नेमले, टाक्यातल्या पाण्यावर माणूस बसवला. पण ते सगळे लांबून कोणा दुसऱ्याच बाईचे हात करीत असल्यासारखे. तिसऱ्या दिवशी त्यांनी चुलीवरचे उकळते पातेले उघड्या हातांनी उतरवले. कुणबीण किंचाळली. दर्याबाईंनी तळव्यावरचे फोड पाहिले आणि म्हणाल्या, "बरं. पाणी घाल." आत काही पोळले नव्हते. आत काही हललेच नव्हते.

सकाळी सबनीस रंगो त्रिमल सदरेवर आले. सत्तरीचे, कानावर लेखणी, आवाजात नेहमीचाच घोर.

"बाईसाहेब, टाक्यात चाळीस दिवसांचं पाणी आहे. त्यापुढे गड लढवायचा म्हटलं तरी लढवता येणार नाही. आणि खानाचा रिवाज आपणांस ठाऊकच आहे. हल्ला करून घेतलेल्या गडावर तो जिवंत कुणी ठेवत नाही. मागल्या गडावर तर किल्ल्या हाती देणाऱ्या किल्लेदारालाच त्यानं दरवाजात टांगलं, गडात दारूगोळा कमी निघाला म्हणून."

दर्याबाई समोरच्या पटाकडे पाहत होत्या. सुभानजींचा पट. तांबडी आणि हिरवी मोहरी अजून मांडलेलीच होती.

"सबनीस, मी माहेरी असताना आमच्या घरी दोन थोरल्या चुलत्या होत्या. जावाजावा. बारा वर्षं बोलत नव्हत्या. एक म्हणायची, जा गं दर्या, तिला सांग, तुझ्या हातची आमटी म्हशीसुद्धा हुंगणार नाहीत. मी जाऊन सांगायची. ती म्हणायची, तिला सांग, म्हणूनच तुला वाढत नाही. मी परत जाऊन सांगायची."

रंगो त्रिमलांना वाटले, दुःखाने बाईंचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. तरी त्यांनी अदबीने मान हलवली.

"पुढं काय झालं माहीत आहे? मी निरोप म्हणून काही सांगतच नव्हते. नुसती जाऊन बोलायची. दोघींनाही वाटायचं, पोरीचीच जीभ तिखट आहे. आठ वर्षांची मी, अन् साऱ्या वाड्यात माझ्या जिभेचा दरारा. माझं त्यात काही नव्हतं, सबनीस. एकीचं दुसरीला."

"बाईसाहेब..."

"खानाला लिहा आणि रावाला लिहा. वेगवेगळं. खानाला म्हणावं, आपण पाहुणे, पहिली चाल आपली. रावाला म्हणावं, मी बाईमाणूस, पहिली चाल मला द्या."

सबनिसांनी पटाकडे पाहिले, मग बाईंकडे, मग पुन्हा पटाकडे. आणि त्यांच्या कानावरची लेखणी खाली पडली.

"म्हणजे खानाची चाल रावाला..."

"आणि रावाचं उत्तर खानाला."

"पण मग बाईसाहेब, दोहोंतला एक जिंकणारच! जो जिंकेल, त्याच्याशी आपण हरलेले असू. त्याला दरवाजा उघडून द्यावा लागेल!"

"देऊ. जो हरेल, त्याच्या बाजूची वाट आपल्याला मोकळी असेल. एका दारानं तो आत येईल, दुसऱ्या दारानं माणसं बाहेर जातील. दोघांचाही शब्द राहील, आपलाही राहील."

"आणि बरोबरी झाली तर?"

"तर कोणीच हरलं नाही. पुन्हा मांडू."

रंगो त्रिमल हसू लागले, आणि हसता हसता मध्येच थांबले. "पण जिंकणाऱ्याच्या हाती किल्ल्या कोणी द्यायच्या?"

"किल्लेदारानं द्यायच्या असतात," दर्याबाई म्हणाल्या. जणू दुसऱ्या कोणाच्या गडाची रीत सांगत होत्या.

दोन खलिते गेले. पहिल्या चालीची ओळ सोडली तर मजकूर एकच: आपल्यासारख्या नामांकित खेळणाऱ्याने गडाचा निकाल तोफेने लावणे हे आपल्या कीर्तीला शोभणारे नाही, तरी रोज एक चाल चिठ्ठीने खेळावी, डाव चालू असेपर्यंत तोफेला बत्ती देऊ नये, गड हरल्यास दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आपल्या बाजूचे दार उघडून किल्ल्या हाती देऊ, आपण हरल्यास गडाच्या माणसांना हत्यारांनिशी, अब्रूनिशी आपल्या बाजूने उतरू द्यावे, आणि ही गोष्ट दुसऱ्या गोटात कळू नये. ह्या शेवटच्या कलमावर दोघेही सरदार इतके खूश झाले, की दोघांनीही खलिता आणणाऱ्याला शेला दिला. शेजारच्याच्या नाकाखालून एकट्याने गड घ्यायचा, तोही खेळता खेळता! आणि मृग महिन्या-दीड महिन्यावर आला होता. चिखलात तोफा ओढण्यापेक्षा पटावर प्यादी ढकलणे दोघांनाही गोड वाटले.

दर्याबाईंनी पट एकच ठेवला. दुसरा लागतच नव्हता. तांबडी मोहरी खानाची, हिरवी रावाची. रोज सकाळी येसबा नाईक, गडाचा जुना रामोशी, महादरवाजाने खाली जाई, खानाची चिठ्ठी घेऊन येई. रंगो त्रिमल तीच चाल आपल्या अक्षरात उतरवत. नाईक दिंडीने रावाकडे जाई, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या सकाळी खानाकडे. आलेल्या चिठ्ठ्या बाई पटाच्या दोन बाजूंना ठेवीत. मोहरे उचलीत, सांगितल्या घरात ठेवीत, आणि त्याकडे पाहत बसत. सुभानजींनी त्यांना चाली तेवढ्या शिकवल्या होत्या, आणि दहाव्या चालीला मात करून ते हसत, "तुमचा राजा कायम उंबऱ्यात उभा, बाई! आत तरी जावं, नाहीतर बाहेर तरी पडावं!" ते हसणे कसे होते हे बाईंना आठवे, ऐकू येत नसे.

बाराव्या दिवशी नाईक परतला तो घामाघूम.

"बाईसाहेब, खानाला वास लागलाय!"

"काय म्हणाला?"

"घोड्याची चाल बघितली न् मांडीवर थाप मारली. म्हनला, घोडा असा काठाकाठानं फिरवनारा एकच अकडबाज मी ऐकून हाय, अन् तो पल्याड तळ देऊन बसलाय. तुझ्या बाईला हे कुनी शिकवलं? माझी तर बोबडीच वळली. म्हनलं, सरकार, त्यांच्या चुलत्यांनी. दोघी जावा होत्या, लई भांडकुदळ."

रंगो त्रिमलांनी कपाळाला हात लावला. "मग?"

"मग हसला. पन म्हनतो, उद्यापास्नं बाईनं सोता डेऱ्यात यावं, म्होरं बसून खेळावं. न्हाईतर डाव मोडला."

समोरासमोर बसून दर्याबाई तीन चालींच्या वर टिकल्या नसत्या, हे त्या तिघांनाही ठाऊक होते. गडावर बत्तीस पोरे होती. टाक्यात अठ्ठावीस दिवसांचे पाणी होते.

"लिहा, सबनीस," बाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या घरची रीत आहे. नवरा गेल्यावर वर्षभर बाई घराचा उंबरा ओलांडत नाही. किल्लेदारांना आपल्याच तोफेनं नेलं, म्हणून आम्ही उंबऱ्याआत आहोत. आपण म्हणत असाल तर रीत मोडून येतो. पण मग लोक म्हणतील, खानसाहेबांनी विधवेला उंबऱ्याबाहेर ओढून डाव जिंकला."

त्यात खोटे एक अक्षर नव्हते. अठरा आणि बारा, तीस दिवसांत सदरेचा उंबरा त्यांनी खरोखरच ओलांडला नव्हता. खानाची दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी आली तीत फक्त एक चाल होती, आणि खाली एक ओळ: 'बसल्या जागी खेळावे.'

मग डाव असा रंगला, की दोन्ही गोटांत हुक्के विझू लागले. खान जेवताना बोटाने ताटावर चौकटी काढी. राव एका चालीसाठी दोन दिवस अडून बसला, आणि त्याच्या गोलंदाजांनी त्याला पहिल्यांदाच पूजेत चुकताना पाहिले. प्रत्येकाला वाटे, ही बाई माणूस नव्हे; आणि प्रत्येक जण पलीकडच्या गोटातल्या शत्रूला नऊ वर्षांत दिला नव्हता एवढा मान रोज न कळत देत होता.

एकतिसाव्या दिवशी खानाची चिठ्ठी आली. 'वजीर राजाशेजारी. मागे हत्तीचा जोर. शहमात.'

दर्याबाईंनी तांबडा वजीर उचलला, हिरव्या राजाशेजारी ठेवला. गड हरला होता. त्यांनी ती चिठ्ठी डावीकडच्या ढिगावर ठेवली आणि म्हणाल्या, "नाईक, रावांकडे जा."

राव हिंमतसिंग ती चाल वाचून घटकाभर पटाकडे पाहत राहिला. मग त्याने आपल्या हाताने आपला राजा आडवा केला. "सोळा वर्षांत हा पहिल्यांदा निजला," तो म्हणाला. "बाईसाहेबांना आमचा मुजरा सांगा. उद्या सूर्योदयापासून ही वाट त्यांची."

सकाळी दिंडी-दरवाजा उघडला. रावाची माणसे वाटेच्या दोन्ही अंगांना तलवारी म्यान करून उभी राहिली, आणि त्यांच्यामधून एकशे अकरा माणसे उतरली: पाठीशी पोरे, डोक्यावर गाठोडी, खांद्यावर ढाली. रंगो त्रिमलांनी दप्तर छातीशी धरले होते. शेवटचा येसबा नाईक, तो जायला तयार नव्हता.

"महादरवाजाचा अडसर तेवढा काढून ठेव, आणि जा," बाई म्हणाल्या. "मोठ्या ओढ्यापाशी थांब."

"कुठवर थांबू?"

"दिवस मावळेपर्यंत. मग थांबू नको."

तिसऱ्या प्रहरी दर्याबाई सदरेवरून उठल्या. उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या. मग अनवाणीच पलीकडे पाऊल टाकले. फरसबंदी तव्यासारखी तापली होती. त्यांना ती थंडही वाटली नाही, गरमही नाही. महादरवाजाशी जाऊन त्यांनी दार ढकलले आणि ताटात किल्ल्या घेऊन उभ्या राहिल्या.

कमालखान दोनशे हत्यारबंदांनिशी आत आला, आणि थबकला. गडावर शुकशुकाट होता. लंगडी कोंबडी तेवढी त्याच्या घोड्यापुढून निघून गेली.

"माणसं कुठं आहेत?"

"राव हिंमतसिंगांच्या वाटेनं गेली. त्यांनी डावावर शब्द दिला होता. ते हरले."

खानाचा हात मुठीवर गेला. "तुझ्याकडून?"

"नाही, खानसाहेब. आपल्याकडून."

खानाला कळायला तीन श्वास लागले. मग तो घोड्यावरून उतरला, माणसांना दारात थांबवून एकटाच झपाट्याने सदरेवर गेला. मागोमाग दर्याबाई आल्या. पट तसाच होता. डावीकडे त्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, उजवीकडे रावाच्या, रावाच्या शिक्क्यानिशी. तो खाली बसला. एकेक चिठ्ठी वाचू लागला. घोडा काठाकाठाने आला तो दिवस, राव दोन दिवस अडला ती चाल, शेवटचा वजीर. बाहेर त्याची माणसे जल्लादाला पुढे करून हुकमाची वाट पाहत होती. आत तो डाव पुन्हा पहिल्यापासून मांडत होता, आणि त्याच्या दाढीत हळूहळू हसू पसरत होते.

"मी त्याला हरवलं," तो पोरासारखा म्हणाला. मग एकाएकी त्याचा चेहरा उतरला. "पण हे सांगायचं म्हटलं, तर एका बाईनं रिकामा गड माझ्या पदरात घातला, हेही सांगावं लागेल."

"तेही खरंच आहे."

"तुला मारलं पाहिजे."

"बरं," दर्याबाई म्हणाल्या. ते 'बरं' त्याने ऐकले, आणि त्याची नजर त्यांच्या तळव्यांवरच्या फोडांच्या काळ्या डागांकडे गेली. असे हात त्याने रणात पाहिले होते. ज्यांना काही दुखत नाही अशा माणसांचे.

त्याने पटावरचा तांबडा वजीर उचलून मुठीत फिरवला.

"तुला मारलं, तर माझ्या जिंकण्याला साक्षीदार कोण राहील?" तो अखेरीस म्हणाला. "एकदा खरा डाव तरी खेळ माझ्याशी."

"मला खेळता येत नाही, खानसाहेब. चाली तेवढ्या ठाऊक आहेत."

खान डोळ्यांतून पाणी येईतो हसला. मग त्याने आपल्या हाताने अभयपत्र लिहून दिले.

पातशहाला गेलेल्या अर्जीत गड हल्ला करून घेतला, तीनशे गनीम कापले, असा मजकूर होता; त्या तीनशेंत कोंबडी धरली होती की नाही, कळत नाही. राव हिंमतसिंग मरेपर्यंत भर दरबारात सांगत असे, की मला आयुष्यात एकाच माणसाने हरवले, तांबकड्याच्या किल्लेदारणीने. आणि प्रत्येक वेळी समोरच्या बैठकीवर कमालखान ओठ चावून गप्प बसे. त्याहून मोठी शिक्षा कोणत्या जल्लादाला जमली असती!

पण ते सगळे पुढचे. त्या दिवशी उन्हे कलली तेव्हा येसबा नाईक ओढ्याच्या काठी वाटेला डोळे लावून बसला होता. दिवस डोंगराला टेकला. तेव्हा उतरणीवर एक बाई दिसली, अनवाणी, सावकाश येणारी. ओढ्यालगतचा काळा खडक अजून दिवसभराचे ऊन पोटात धरून होता. त्यावर तिने पाऊल ठेवले, आणि झटकन उचलले.

"नाईक," दर्याबाई म्हणाल्या, "पोळतंय रे."

नाईकाने आपल्या पायांतल्या वहाणा काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्या घालताना दर्याबाई खडकावरच बसल्या, आणि सुभानजी गेल्याला पन्नास दिवस झाल्यावर, पहिल्यांदा रडल्या.