आजीच्या शिडाला दुसरी कप्पी

डोलकाठीच्या टोकाला कप्पी (खाच असलेलं चाक, ज्यावरून दोर फिरतो) होती. तिला तेलपाणी झालं होतं, दोरही धडधाकट होता. मग शीड एवढं जड का जात होतं? केतकीला काही केल्या हे कोडं सुटेना, आणि हातात वेळ होता फक्त संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी संग्रहालयाची गाडी येऊन शीड घेऊन जाणार होती.

दाभोळच्या खाडीत आता सगळ्यांची शिडं बटण दाबलं की आपोआप वर जायची. एकट्या अच्युतआजोबांच्या कॅटमरानवर (दोन अरुंद होड्या शेजारीशेजारी जोडून केलेली नाव) अजून जाड कापडाचं, पिवळट पडलेलं शीड होतं. आजीनं ते घरच्या मशीनवर शिवलं होतं. आजी गेली, पण तिनं घातलेली टीप कुठेही उसवली नव्हती. आजोबांनी जन्मभर समुद्राचे प्रवाह मोजले, मोठे शास्त्रज्ञ ते. पण खांदा आखडल्यापासून हे शीड त्यांच्यानं अर्ध्यावरही चढवेना, म्हणून ते संग्रहालयाला द्यायचं ठरलं होतं.

"मी ओढतो की," बंड्या म्हणाला. बंड्या म्हणजे घरचा यंत्रमानव.

"आज शीड ओढशील, उद्या सुकाणू धरशील. मग मी काय सामान म्हणून बसू?" आजोबा करवादले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "ती सुकाणूवर बसायची आणि मी दोर ओढायचो. 'अहो, आवरा की लवकर!' असा तिचा नुसता धोशा. काय दिवस होते गं ते!"

केतकीला फार वाईट वाटलं. "पण आजोबा, कप्पी असून जोर का लागतो?"

"वरची कप्पी फक्त दिशा बदलते. आपण खाली ओढतो, शीड वर जातं. वजन मात्र सगळं त्या एका दोरावर, म्हणजे माझ्यावर."

"आणि भरलेली बादली दोघांनी धरली तर?"

आजोबा चमकले. "बोल, बोल पुढे!"

"दोराचं एक टोक डोलकाठीच्या शेंड्यालाच बांधायचं. शिडाच्या डोक्यावर दुसरी कप्पी बसवायची. दोर तिच्याखालून घेऊन वरच्या कप्पीवरून आपल्या हातात. म्हणजे शीड दोन पदरांवर! अर्धं वजन डोलकाठी धरेल, अर्धं तुम्ही."

डोलकाठी आडवी करून तिघांनी दोर ओवला आणि ती पुन्हा उभी केली. शिडाला अडकवायला नवी कप्पी खाली ओढली मात्र, अरे देवा! दोराचं मोकळं टोक सरसर वर चढलं आणि डोक्याच्या कितीतरी वर लोंबत राहिलं.

"काम (जोर गुणिले अंतर) तेवढंच राहतं," बंड्या म्हणाला. "जोर निम्मा, तर अंतर दुप्पट. शीड एक हात चढवायला दोन हात दोर ओढावा लागणार. हा दोर अपुरा आहे."

"म्हणजे फुकट काहीच नाही!" केतकी हिरमुसली.

"अगं वेडे, जोर संपलाय माझा, वेळ थोडाच संपलाय? जा, नांगराचा लांब दोर आण!"

तो लांब दोर ओवून आजोबा ओढायला लागले. हात सावकाश चालत होते, शीड त्याहून सावकाश चढत होतं, पण अडत नव्हतं. अर्ध्याच्या वर गेलं, तरी खांदा कुरकुरला नाही. शेवटी ते शेंड्याला टेकलं, वाऱ्यानं फुगलं आणि नाव हलली. आजोबा हसताहसता रडत होते, आणि त्यांना त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

त्यांनी संग्रहालयाला फोन लावला. "गाडी पाठवू नका. शीड कामावर आहे."

"आजोबा, तीन पदर केले तर?"

"तिसरा हिस्सा जोर. ते माझ्या नव्वदीला करू. चल, सुकाणू धर!"