बंद पानांतला निळा दोरा

पुस्तक घ्यायचं म्हणून तो बाहेर पडला नव्हता. सिस्टर घरी येऊन सांगून गेल्या होत्या, “रविवारी या. रिकाम्या हातानं आलात तरी चालेल.” आणि नेमके तेच शब्द त्याला लागले होते. इतक्या वर्षांत बाइंडरकडच्या बैठकीला तो रिकाम्या हातानं कधी गेला नव्हता. म्हणून वाटेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरला, ढिगातलं एक राखाडी कापडी बांधणीचं पुस्तक हाताला लागलं ते घेतलं आणि उघडूनही न पाहता काखेत मारलं. नाव तेवढं वाचलं. त्याला आजवर तेवढंच पुरत आलं होतं.

बैठक म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. पुस्तकबांधणीच्या कारखान्यामागे एक बिनखिडकीची खोली, कागद कापायचं लांब टेबल, वर एकच दिवा आणि खळीचा आंबूस वास. रविवारी दुपारी यंत्रं बंद असली की तिथे चारजण जमायचे. कारखान्याचा मालक, ज्याला सगळे नुसतं बाइंडर म्हणत. निवृत्त मास्तर. रुग्णालयातल्या सिस्टर. आणि हा. हा एका कचेरीत नकाशे साफ करून काढायचा. घरं दुसऱ्यांनी आखलेली, रेघा याच्या. मास्तर त्याला ‘नकाशेवाले’ म्हणत.

नव्यानं सापडलेलं पुस्तक आणायचं, त्याबद्दल बोलायचं, एवढाच कार्यक्रम. नियम मात्र एक होता, आणि तो मास्तरांनी घालून दिला होता. बोलताना पुस्तक मिटलेलं हवं, तळहाताखाली. “उघडं पुस्तक समोर असलं की माणूस वाचून दाखवतो, बोलत नाही,” असं त्यांचं म्हणणं. बोलून झालं की पुस्तक उघडायचं, आवडलेली जागा दाखवायची आणि मग ते टेबलाभोवती फिरवायचं.

या नियमात सगळ्यात चमकायचा तो नकाशेवाला. त्याच्यासारखं कुणी बोलत नसे. गोष्ट सगळेच सांगत, पण हा काहीतरी वेगळंच धरायचा. ‘या लेखकाला पोरं कळतात, पण स्वयंपाकघर कळत नाही. बघा, सगळं पुस्तक संपलं तरी कुणाच्या हाताला चटका बसला नाही.’ मास्तर मांडीवर थाप मारायचे. “अहो, हे तुम्हाला सुचतं कुठून?”

तो हसून मान खाली घालायचा. सगळ्यांना तो विनय वाटायचा.

सुचायचं ते त्याच्या बायकोला. ती घरी कपडे शिवायची आणि मशीनचा पाय थांबला की वाचायची. शनिवारी संध्याकाळी तो जेवायला बसला की विचारायचा, “मग, काय आहे त्यात?” ती समोर बसून सांगायची. सांगताना तिच्या उजव्या अंगठ्याचं नख टेबलाच्या कडेवर चालायचं, खर्र... खर्र... जागा सापडायला त्याला अडचण होऊ नये म्हणून ती पानांत दोरा ठेवायची, शिवणातलाच उरलेला. एक गाठ म्हणजे तिला आवडलेली जागा. दोन गाठी म्हणजे तिथे दाखवण्यासारखी.

एकदा सुई ओवता ओवता ती म्हणाली होती, “मी येऊ का एकदा तुमच्याबरोबर?”

“तिथे सगळे वाचणारे असतात,” तो म्हणाला होता. “तू कंटाळशील.”

तिनं दोरा दातानं तोडला होता आणि पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

शेवटच्या आजारात ती सिस्टरच्याच वॉर्डात होती. तिथेही उशाला पुस्तक होतं. शनिवारी भेटीच्या वेळेत तो खुर्ची ओढून बसला आणि सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, “मग, काय आहे त्यात?” तिला दम लागत होता. नाकावरची नळी बाजूला करून ती थोडं थोडं सांगत राहिली. मधेच थांबली, तेव्हा तो म्हणाला, “शेवट राहिला.” खाटेच्या पायथ्याशी सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी फक्त नळी परत जागेवर बसवली.

त्या रविवारी तो बैठकीला गेला होता. छान बोलला होता.

आज, कित्येक महिन्यांनी, तो पुन्हा त्या टेबलापाशी बसला. बाइंडरनं चहाचा पेला पुढे सरकवला. मास्तरांनी पाठीवर हात ठेवला. “नकाशेवाले, तुमच्यावाचून बैठक नुसती बसत होती हो, बोलत नव्हती.” सिस्टर समोरच होत्या. त्यांनी मान हलवली, एवढंच. टेबलाच्या टोकाला, दाराच्या बाजूला, एक जास्तीची खुर्ची होती. तिच्यावर एरवी कागदांचे गठ्ठे असत. आज ती मोकळी होती.

त्यानं राखाडी पुस्तकावर तळहात ठेवला. दोनचार गुळगुळीत वाक्यं त्यानं वाटेत जुळवून ठेवली होती. भाषा साधी आहे, वातावरण छान आहे, असली. तेवढं बोलून तब्येतीचं कारण सांगून उठायचं ठरवलं होतं.

“यात एक घड्याळं दुरुस्त करणारा आहे...” तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. हे त्यानं जुळवलं नव्हतं.

शब्द मात्र येत राहिले. अडखळत नव्हते, घाईही नव्हती. जेवताना समोरून यायचे तसे. घड्याळं दुरुस्त करणारा घर सोडून गेला होता. बऱ्याच वर्षांनी परत येतो, ओल्या बुटांनी तसाच आत येतो. बायको त्याला काही विचारत नाही. ती धुतलेलं भांडं पुन्हा धुवायला घेते. “वाचणाऱ्याला वाटतं, ती घाबरलीय,” त्याचं तोंड बोलत होतं, “पण तसं नाही. ज्या माणसाला काही विचारायची सोय नसते, त्याच्यासमोर हात रिकामे ठेवता येत नाहीत. ती रागावलीय. पुस्तकभर कुणाच्याच ध्यानात येत नाही, ती किती रागावलीय ते.”

खोलीत खळीच्या वासात दुसरा एक वास मिसळला. बारीक, गोडसर. शिवणयंत्राच्या तेलाचा.

खर्र... खर्र...

त्यानं खाली पाहिलं. त्याच्याच उजव्या अंगठ्याचं नख टेबलाच्या कडेवर चालत होतं. त्यानं हात आवळून घेतला. समोर सिस्टरांचा पेला ओठांपाशी येऊन तसाच थांबला होता.

“वा!” मास्तर म्हणाले. “वा, वा! दाखवा बघू ती जागा.”

पुस्तक उघडायच्या आधीच बाइंडरनं ते आपल्याकडे ओढलं. धंद्याची सवय, पुस्तक आलं की आधी बांधणी बघायची. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि खो खो हसला.

“अहो, यातले फर्मे तर कापलेलेच नाहीत.”

“म्हणजे?” सिस्टरांनी विचारलं.

“म्हणजे मोठा कागद छापतात, त्याला घड्या घालून शिवतात, आणि मग कडा कापतात. तेव्हा कुठे पानं सुटी होतात. हे कापायचं राहूनच गेलंय. बघा ना, वरून बंद, बाजूनं बंद. छापल्यापासून हे कुणी वाचलेलं नाही.” हसता हसता त्याचा आवाज खाली आला. “कुणालाच... वाचता आलेलं नाही.”

नकाशेवाल्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. जमिनीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते त्याला आत्ता कळत होतं.

“काय हो,” मास्तर सावकाश म्हणाले, “इतकी वर्षं आम्हाला असंच गुंडाळलंत की काय? मनचं सांगून?”

“कापून बघा,” सिस्टर म्हणाल्या. बाइंडरकडे न बघता, नकाशेवाल्याकडे बघत. “हे सांगतायत ते आत आहे का, बघा.”

बाइंडरनं बोथट सुरी घेतली. कागद फाटत गेल्याचा लांब, कोरडा आवाज होत राहिला. मास्तर चष्मा कपाळावर चढवून पानामागून पान बघत होते. एका पानाशी ते थबकले. मनाशी पुटपुटत वाचू लागले, आणि पुटपुटणं हळूहळू बंद झालं.

“आहे,” ते म्हणाले. “ओले बूट... भांडं... सगळं आहे.”

दिव्याभोवती एक किडा फिरत होता, त्याचा आवाजही मोठा वाटत होता. मग मास्तरांना एकदम सुचलं, आणि त्यांना किती बरं वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “अहो, दुसरी प्रत वाचली असेल! आपण उगाच... दुसरी प्रत, नाही का हो?”

आता सांगायला हवं होतं. फार नव्हतं सांगायचं. हे माझं नाही, तिचं आहे. आधीचंही सगळं तिचंच होतं. सिस्टर त्याच्याकडे एकटक पाहत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत त्याला वॉर्डातली ती नळी दिसत होती.

“हो,” तो म्हणाला. “दुसरी प्रत. मागे वाचली होती.”

खर्र... खर्र...

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. आवाज टेबलाच्या टोकाकडून येत होता, मोकळ्या खुर्चीपासून. सगळ्यांनी माना तिकडे वळवल्या. आवाज थांबला.

“उंदीर,” बाइंडर म्हणाला. “कागदाला फार येतात.” आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यानं पुढची घडी फाडली. तिच्या पोटातून दोरा बाहेर आला. निळा, बोटभर. दोन गाठी मारलेला. कागदावर त्याचा वळ उमटला होता, गाठींसकट, जणू छापल्या दिवसापासून तो तिथेच दबून होता.

तो पुस्तक घेऊन कसाबसा बाहेर पडला. दारापर्यंत सिस्टर आल्या.

“मी कुणाला सांगणार नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “पण तुम्ही तरी सांगा आता.”

आठवडाभर पुस्तक स्वयंपाकघराच्या टेबलावर पडून होतं. कचेरीत तो ओढलेली रेघ पुसून पुन्हा ओढायचा. शनिवारी, उन्हं उतरताना, त्यानं सुरी घेतली. तिची काही खूण असेल तर ती आपणच काढून ठेवायला हवी, असं त्यानं स्वतःला सांगितलं. घडीमागून घडी फाडत गेला. निळे दोरे निघत गेले, कुठे एक गाठ, कुठे दोन. तिचं मशीन आतल्या खोलीत तसंच झाकून ठेवलेलं होतं. त्यानं उठून झाकण काढलं. वरचं निळं रीळ भरलेलं असायचं. आता नुसतं लाकूड होतं.

शेवटच्या घडीतला दोरा सुटेना. त्याचं एक टोक पानांच्या शिवणीत कुठेतरी गुंतलं होतं. तो त्याच्याकडे बघत बसला. खिडकीतला उजेड गेला, समोरची खुर्ची दिसेनाशी झाली. तेलाचा वास आला. भीती वाटायला हवी होती. पण उद्याचा रविवार आठवला, टेबलाभोवतीचे चेहरे आठवले, आणि त्याच्या तोंडून गेलं,

“मग, काय आहे त्यात?”

आपलेच शब्द त्यानं ऐकले. मेलेल्या माणसाकडेही त्याला तेवढंच मागता आलं होतं.

मग समोरच्या अंधारातून, अगदी जवळून, दम लागलेला आवाज आला.

“मी... येऊ का एकदा... तुमच्याबरोबर?”

त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

“ये,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो उशिरा निघाला. वाटेत दोनदा परत फिरला, पुन्हा निघाला. आज जाताच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकायचं, ती नावाजली जाईल, मग आपलं काय व्हायचं ते होवो, असं त्यानं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. पुस्तक छातीशी धरलेलं होतं.

कारखान्यामागे, खोलीच्या दाराबाहेर बाइंडर तांब्यात पाणी भरून घेत होता. चेहरा खुललेला.

“काय हो नकाशेवाले, आज मागे राहिलात! बाई तर केव्हाच आल्यात.”

“कोण... बाई?”

“तुमच्याकडच्या. नात्यातल्याच ना? म्हणाल्या, ते येतील मागून.” बाइंडरनं आवाज खाली केला. “काय बोलतात हो! मास्तर तर थक्कच झालेत. इतकी वर्षं लपवून का ठेवलंत त्यांना?”

तांब्या घेऊन तो लगबगीनं आत गेला. दार अर्धवट लोटलेलं राहिलं. फटीतून मास्तर दिसत होते, पुढे वाकलेले, तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखे ऐकत. त्यांच्या शेजारी सिस्टर होत्या. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला होता आणि त्यांची नजर दाराआडच्या खुर्चीवरून हलत नव्हती. खुर्ची इथून दिसत नव्हती.

त्याचं तयार वाक्य तसंच राहिलं. जे सांगायचं त्याच्याकडे होतं, ते आता दुसरंच कुणी सांगत होतं.

आत मास्तर मांडीवर थाप मारून हसले. त्याच्यासाठी ते असं कधी हसले नव्हते.

त्यानं उंबऱ्यावर पाऊल ठेवलं, आणि हातातलं पुस्तक जड झाल्यासारखं वाटलं. खाली पाहिलं. शेवटच्या पानातून निघालेला निळा दोरा बोटभर राहिला नव्हता. तो त्याच्या मनगटावरून खाली उतरून, उंबरा ओलांडून, दाराआड गेला होता. ताणलेला.

आतलं बोलणं थांबलं. सगळे काहीतरी दाखवलं जाण्याची वाट बघत असावेत, तशी शांतता झाली.

मग दोऱ्याला पलीकडून एक हलका हिसका बसला, शिवण संपल्यावर ती दातानं तोडायच्या आधी द्यायची, तसा.